ऊसतोडीच्या जिल्ह्यातला उजवा पक्ष

बीड जिल्ह्याचे पहिल्या पंचवीस वर्षांचे मतदान पाहिले, तर हाच जिल्हा पुढे भारतीय जनता पक्षाचा महाराष्ट्रातला एक बालेकिल्ला होईल, असे कोणाला वाटले नसते. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत इथून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचा उमेदवार निवडून आला. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, तेव्हा डाव्यांनी ज्या नावाने निवडणूक लढवली ती ही आघाडी. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडून बीडचे खासदार झाले, आणि १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. एरवी जागा काँग्रेसकडे राहिली. निजामाची जुलमी राजवट, रझाकारांचा काळ, कोरडवाहू जमीन आणि बालाघाटच्या डोंगररांगांतले दारिद्र्य यांतून घडलेला मतदार धर्म आणि परंपरा यांच्या नावाने मत मागणाऱ्या पक्षाकडे सहजासहजी वळणारा नव्हता.

भारतीय जनसंघ २१ ऑक्टोबर १९५१ रोजी स्थापन झाला. त्याचे बीडमधले अस्तित्व अंबाजोगाई, बीड, परळी अशा गावांतल्या शिक्षक, वकील आणि व्यापारी कुटुंबांपुरते होते. शाखा भरत, शाळा चालत, उत्सव होत. पण निवडणुकीचा फॉर्म भरायला उमेदवार मिळणे अवघड जाई. महाराष्ट्रभर थोड्याफार फरकाने हेच चित्र होते. विधानसभेत जनसंघाला १९५७ मध्ये चार, १९६२ मध्ये शून्य, १९६७ मध्ये चार आणि १९७२ मध्ये पाच जागा मिळाल्या. ‘शेटजी-भटजींचा पक्ष’ ही विरोधकांनी दिलेली ओळख पक्षाला बोचत असे, कारण तीत तथ्य होते. निष्ठा, शिस्त, चारित्र्य यांची कमतरता नव्हती. मावळमधून १९५७ मध्ये निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. लोकप्रतिनिधीने कसे वागावे याचा तो आजही मानदंड आहे. पण प्रामाणिक माणसांचा छोटा पक्ष हा शेवटी छोटाच पक्ष राहतो. ज्यांच्या घरात पक्षाचा एकही माणूस नाही, अशा समाजांपर्यंत पोचल्याशिवाय त्याची वाढ अशक्य होती.

विचारांच्या बाजूनेही परिस्थिती वेगळी नव्हती. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती आणि समाज यांच्यात मूळचा संघर्ष नाही, कुटुंब, गाव, जात, राष्ट्र या एकमेकांत गुंफलेल्या रचना आहेत, आणि विकासाची कसोटी शेवटच्या माणसाच्या स्थितीवरून लावावी, असा त्याचा आशय. त्यातला अंत्योदयाचा भाग कोणत्याही समाजवाद्याला मान्य व्हावा असा होता. अडचण अशी की, शेवटचा माणूस पक्षाच्या बैठकीत कधी बसलेला नव्हता. त्याच्याबद्दल बोलले जाई, तो स्वतः बोलत नसे. ज्या तत्त्वज्ञानाला त्याच्याच विषयातला माणूस सापडत नाही, ते पुस्तकात कितीही सुसंगत असले तरी राजकारणात मुके राहते. बीडमध्ये पुढे जे घडले त्याचे महत्त्व इथे आहे. नव्या माणसांनी पक्षात येऊन त्याच्या जुन्या तत्त्वांना असे प्रश्न जोडले, जे पक्षाने स्वतःहून कधी विचारले नव्हते.

या बदलाची पूर्वतयारी संघटनेच्या पातळीवर वसंतराव भागवत यांनी केली. जनसंघाचे महाराष्ट्रातले संघटनमंत्री असलेल्या भागवतांनी माळी, धनगर आणि वंजारी या तीन समाजांतून नेतृत्व उभे करण्याचा आग्रह धरला. तोच पुढे ‘माधव’ सूत्र म्हणून ओळखला गेला. काँग्रेसची सत्ता सहकारी साखर कारखाने, बँका आणि जिल्हा परिषदा यांच्या जाळ्यावर उभी होती आणि त्या जाळ्यात प्रामुख्याने मराठा समाजातली मोठी घराणी होती. त्या जाळ्याबाहेर राहिलेल्यांना एकत्र करणे हा हिशेब भागवतांनी मांडला. ना. स. फरांदे, अण्णा डांगे आणि गोपीनाथ मुंडे ही नावे त्यातूनच पुढे आली. या सूत्राला नुसती जातीची बेरीज म्हणून हिणवले जाते. बेरीज त्यात होतीच. पण ज्या संघटनेत निर्णय घेणारे बहुतेक एकाच सामाजिक थरातले होते, तिथे वरच्या फळीने स्वतःहून आपली जागा दुसऱ्यांना द्यावी, ही घटना त्या काळच्या कोणत्याही पक्षात दुर्मीळ होती. भागवत स्वतः निवडणुकीच्या राजकारणात पुढे आले नाहीत, यावरूनही त्यांच्या कामाची जात कळते.

अंबाजोगाईच्या महाविद्यालयीन जगात १९७० च्या आसपास प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे ही दोन तरुण मुले एकत्र आली. दोघेही १९४९ चे. महाजन शिक्षकाचे पुत्र, अंबाजोगाईत वाढलेले, वक्तृत्वाने गाजलेले. मुंडे परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावच्या वंजारी शेतकरी कुटुंबातले. विद्यार्थी परिषद, १९७२ चा दुष्काळ, आणीबाणीतला तुरुंगवास या वाटेने दोघे राजकारणात आले. महाजन संघटना आणि दिल्लीकडे गेले, मुंडे जिल्ह्यात राहिले. १९७८ मध्ये मुंडे जिल्हा परिषदेवर निवडून आले. १९८० मध्ये, भाजप स्थापन होऊन जेमतेम काही आठवडे झालेले असताना, ते रेणापूरमधून आमदार झाले. १९८५ मध्ये तिथेच पराभूत झाले, आणि १९९० पासून पुन्हा निवडून येत राहिले. जिल्हा परिषदेचा गट ही पहिली पायरी होती, हे विशेष. रस्ता, विहीर, शाळेची खोली, रोजगार हमीचे मस्टर यांसाठी रोज येणाऱ्या माणसांशी ज्याचा संबंध आला, त्याला पक्षाचे जाहीरनामे कुठे अपुरे पडतात ते लवकर कळते.

सर्वांत अपुरे ते ऊसतोडीच्या बाबतीत पडत होते. दसरा-दिवाळी झाली की बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी, परळी अशा तालुक्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. मजुरीचे एकक माणूस नसून कोयता असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी उचल देतो. ती पुढचे पाच-सहा महिने तोडणीतून फेडायची. एका दिवसाचा खाडा पडला तर तो उचलीत धरला जातो. पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या, वाढे विकून चार पैसे मिळवायचे आणि पाचटाच्या कोपीत झोपायचे. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो मी फक्त टोळी आणली. मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर कागदावर सापडत नाही, म्हणून अपघात झाला तर भरपाई कोणाकडे मागायची हेही ठरत नाही.

हा प्रश्न आधी डाव्यांचा आणि समाजवाद्यांचा होता. पाथर्डीचे बबनराव ढाकणे यांनी ऊसतोड मजुरांची बाजू लावून धरली होती, आणि १९८९ मध्ये ते जनता दलाकडून बीडचे खासदारही झाले. मुंडे यांनी याच मजुरांची संघटना बांधली, दरवाढीसाठी कोयता बंदची हाक दिली आणि साखर संघाबरोबरच्या वाटाघाटींत मजुरांच्या बाजूने ते बसू लागले. पुढे शरद पवार आणि मुंडे यांचा लवाद दर ठरवू लागला. बीडच्या अनेक घरांत भाजपची पहिली ओळख अयोध्येतून झाली नाही. ती मजुरीच्या दरातून झाली. राममंदिराच्या आंदोलनाने पक्षाला देशभर जे बळ दिले त्याला इथे वेगळी जमीन मिळाली, कारण त्याआधी फडात जाऊन कोणीतरी दर विचारला होता.

उजव्या पक्षाने मजुरांची संघटना करावी, यात विसंगती आहे असे दोन्ही बाजूंनी म्हटले गेले. डाव्यांच्या मते हा वर्गाचा प्रश्न जातीच्या अस्मितेत बुडवण्याचा डाव होता. पक्षातल्या काहींना संप आणि हाका ही भाषा परकी वाटे. डाव्यांच्या आक्षेपात काही अंश खरा आहे, त्याकडे पुढे यावे लागेल. पक्षातल्यांची शंका मात्र विचाराच्या कसोटीवर टिकत नाही. परंपरानिष्ठ राजकारण ज्या संस्था जपायच्या म्हणते, त्या कुटुंब, गाव, शेजार, शाळा आणि देवस्थान या आहेत. ऊसतोडीचे स्थलांतर नेमक्या याच संस्था दरवर्षी सहा महिने मोडून काढते. म्हातारी माणसे गावात एकटी राहतात. मुले एकतर कोपीत वाढतात किंवा आजीकडे टाकली जातात. शाळेच्या पटावर नाव असते आणि बाकावर मूल नसते. वयात आलेली मुलगी कोणाकडे ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न लवकर लावले जाते. त्या लग्नाने आणखी एक कोयता तयार होतो. कुटुंबसंस्थेबद्दल बोलणाऱ्या पक्षाला बीडमध्ये याहून मोठा विषय शोधूनही सापडणार नाही. म्हणून मजुरीचा दर, वसतिगृह आणि उचलीचे नियम हे प्रश्न उसने घेतलेले नव्हते. पक्षाची तत्त्वे ज्यांनी गंभीरपणे घेतली असती, त्यांना ते त्या तत्त्वांतूनच सापडले असते.

जगातल्या इतर परंपरानिष्ठ पक्षांच्या इतिहासातही असेच टप्पे आहेत. ब्रिटनमध्ये डिझरायलीच्या सरकारने १८७४ ते १८७६ या काळात कारखान्यातले कामाचे तास, सार्वजनिक आरोग्य आणि कामगार संघटनांचे हक्क यांवर कायदे केले. जमीनदारांच्या पक्षाने कामगाराला आपला मतदार मानल्याचा तो परिणाम होता. १९४५ च्या दारुण पराभवानंतर त्याच पक्षाने दोन कामे बरोबरीने केली. लॉर्ड वूल्टन यांनी गावोगावचे सभासद आणि निधी यांची बांधणी केली, आणि आर. ए. बटलर यांच्याभोवतीच्या मंडळींनी १९४७ च्या औद्योगिक सनदेतून पक्षाचे आर्थिक धोरण नव्याने लिहिले. १९५१ मध्ये पक्ष सत्तेवर परतला. या दोन कामांपैकी एकच झाले असते तर काय झाले असते, हे सांगणे अवघड नाही. नव्या विचाराविना सभासद वाढले तर यंत्रणा मोठी होते आणि पक्ष तिथेच राहतो. कार्यकर्त्यांविना विचार आला तर तो पुस्तिकेतच संपतो.

भाजपनेही आपल्या जन्माच्या वेळी विचाराची उलथापालथ केली होती. डिसेंबर १९८० च्या मुंबई अधिवेशनात गांधीवादी समाजवाद स्वीकारला गेला, तेव्हा विजयाराजे सिंदिया यांच्यासारख्या ज्येष्ठ नेत्यांनी त्याला उघड विरोध केला. १९८४ मध्ये लोकसभेत दोनच जागा आल्यावर तो शब्द मागे पडला. महाराष्ट्रात मात्र त्या वर्षांत एक टिकाऊ काम झाले: म्हाळगींच्या निधनानंतर १९८२ मध्ये रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी उभी राहिली. कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण हा तिचा विषय. बीडच्या संदर्भात तिच्याइतकेच महत्त्वाचे उदाहरण नानाजी देशमुखांचे. मराठवाड्यातल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी सत्तेच्या राजकारणातून बाहेर पडून ग्रामविकासाकडे वळले, आणि त्यांच्या दीनदयाळ शोध संस्थानचे कृषी विज्ञान केंद्र अंबाजोगाई परिसरात चालते. बियाणे, पाणलोट, जनावरे यांवर त्या केंद्रात जे काम झाले, ते पक्षाच्या जिल्हा कार्यालयातल्या चर्चेत फारसे पोचलेले दिसत नाही. सेवेचे काम एका खोलीत आणि राजकारण दुसऱ्या खोलीत, ही उजव्या चळवळीची जुनी सवय तिला बीडमध्ये महाग पडली आहे.

सामाजिक न्यायाच्या प्रश्नावर मुंडे यांनी पक्षाला जिथे नेले तिथे पक्ष स्वतःहून गेला नसता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याला मित्रपक्ष शिवसेनेचा कडवा विरोध असताना मुंडे नामांतराच्या बाजूने राहिले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मंडल आयोगाच्या काळात त्यांनी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे समर्थन केले. २०१० मध्ये लोकसभेत पक्षाचे उपनेते असताना त्यांनी ओबीसींच्या जातनिहाय जनगणनेची मागणी केली, तेव्हा ती पक्षातल्या अनेकांना रुचली नव्हती. सामाजिक ऐक्याची भाषा बोलणाऱ्या पक्षाला जात मोजणे फुटीरपणाचे वाटणे स्वाभाविक होते. पण जो समाज स्वतःची संख्या सांगू शकत नाही, त्याला ऐक्यात समान वाटा कसा मिळणार, हा प्रश्न त्या मागणीने पक्षापुढे ठेवला. २०२५ मध्ये केंद्रातल्या भाजपच्याच सरकारने येत्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचे ठरवले.

१९९१ ते १९९५ या काळात विरोधी पक्षनेता म्हणून मुंडे यांनी राजकारणाच्या गुन्हेगारीकरणाचा विषय लावून धरला आणि १९९४ मध्ये संघर्षयात्रा काढली. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले. १९७२ च्या पाच जागांपासून ६५ पर्यंतचा हा प्रवास युती, मंदिर आंदोलन आणि काँग्रेसमधली फूट यांनीही घडवला. पण मराठवाड्यातल्या गावकुसापर्यंत पक्षाचे नाव ज्यांनी नेले ते कार्यकर्ते तिथलेच होते, आणि ते पक्षाच्या जुन्या सामाजिक वर्तुळाबाहेरचे होते.

ज्या बांधणीने हे साधले तिच्यातच पुढच्या घसरणीची कारणेही होती. पहिले कारण असे की, बदल संस्थेत न रुजता माणसात रुजला. मजुरांच्या संघटनेत मुकादमाचे स्थान मध्यवर्ती राहिले; मजुराचे आणि मुकादमाचे हित एकच असल्यासारखा व्यवहार झाला. मुकादम गावातला, जातीतला, मत फिरवू शकणारा माणूस होता. निवडणुकीला तो उपयोगी पडला. पण ज्या उचलीच्या पद्धतीमुळे मजूर बांधला जातो, तिला हात लावायचा तर मुकादमालाच दुखवावे लागते. डाव्यांच्या आक्षेपातला खरा अंश हा. प्रत्येक करारात दर वाढला, जानेवारी २०२४ च्या करारात तो ३४ टक्क्यांनी वाढला. उचल, खाडा आणि मालकाची अनिश्चितता मात्र तशीच राहिली. परळीजवळच्या पांगरीला मुंडे यांनी वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभा केला. जिल्ह्यातल्या उसाला जवळचा कारखाना मिळाला हे मोठे काम होते. पण मजुरांचा नेता कारखान्याचाही सर्वेसर्वा असणे ही अवघड जागा होती, आणि सहकारातल्या ज्या घराण्यांचे वर्चस्व मोडायचे होते, त्यांच्याच साच्यातून पक्षाचे राजकारण चालू लागले. तो कारखानाही पुढे आर्थिक अडचणीत सापडला.

दुसरे कारण बाहेरून आणलेल्या उमेदवारांचे. १९९६ मध्ये रजनी पाटील भाजपकडून बीडच्या खासदार झाल्या आणि पुढे काँग्रेसमध्ये गेल्या. १९९८ आणि १९९९ मध्ये जयसिंगराव गायकवाड भाजपकडून जिंकले. २००४ मध्ये तेच राष्ट्रवादीकडून जिंकले. केजच्या विमल मुंदडा भाजपकडून आमदार झाल्या, नंतर राष्ट्रवादीच्या मंत्री झाल्या. २०१९ मध्ये त्यांच्या सून नमिता मुंदडा राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आल्या. यात व्यक्तींना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचे मतदार, गाड्या आणि पतसंस्था स्वतःच्या आहेत, तो पक्षाकडून फक्त चिन्ह घेतो आणि गरज संपली की परत करतो. त्या प्रत्येक तिकिटासाठी वीस वर्षे सतरंज्या उचललेला कोणीतरी कार्यकर्ता बाजूला झालेला असतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या गटातला अनुभवही बाजूला होतो.

तिसरे कारण घराणे. २००९ मध्ये मुंडे लोकसभेत गेले आणि परळीची जागा मुलगी पंकजा यांच्याकडे गेली. पुतणे धनंजय दुरावले आणि राष्ट्रवादीत गेले. ३ जून २०१४ रोजी, केंद्रात ग्रामविकासमंत्री होऊन आठवडा उलटलेला असताना, गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले. शोकाच्या लाटेत पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे जवळपास सात लाखांच्या फरकाने निवडून आल्या आणि विधानसभेच्या सहापैकी पाच जागा भाजपला मिळाल्या. २०१९ मध्ये त्या दोनवर आल्या. परळीत पंकजा चुलतभाऊ धनंजय यांच्याकडून हरल्या. २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने आणि त्याविरुद्धच्या ओबीसी एकजुटीने जिल्हा उभा चिरला गेला. आंदोलनाचे नेते मनोज जरांगे मूळचे शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे. लोकसभेला पंकजा मुंडे बजरंग सोनवणे यांच्याकडून साडेसहा हजार मतांनी पराभूत झाल्या. त्याच वर्षी विधानसभेला परळीची जागा युतीतल्या राष्ट्रवादीकडे गेल्यामुळे, जिथून पक्ष जिल्ह्यात पसरला त्या परळीत मतदानयंत्रावर कमळच नव्हते.

‘माधव’ सूत्राची मर्यादाही त्या निवडणुकीत उघडी पडली. जे समाज सत्तेबाहेर होते त्यांना एकत्र करणे हे १९८० मध्ये न्यायाचे आणि धोरणाचे काम होते. चाळीस वर्षांनंतर त्यांतले काही सत्तेत आहेत, आणि कोरडवाहू दोन-चार एकरांवर जगणारा मराठा शेतकरी स्वतःला सत्तेबाहेर मानतो. डोंगरातला वंजारी मजूर आणि गोदाकाठचा कर्जबाजारी मराठा शेतकरी यांचे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत: पाऊस, पाणी, मुलाची नोकरी, मुलीचे शिक्षण. दोघांना एका व्यासपीठावर आणणारी भाषा आज कोणत्याही पक्षाकडे नाही. ऐक्य हे ज्या पक्षाचे मूळ तत्त्व आहे, त्याच्याकडे ती असायला हवी होती, आणि ती नसणे ही त्याच्या वैचारिक आळसाची सर्वांत स्पष्ट खूण आहे. मुंडे कुटुंबाचा दसऱ्याचा मेळावा आधी भगवानगडावर, नंतर संत भगवानबाबांच्या जन्मगावी सावरगाव घाट इथे मोठ्या गर्दीने भरत आला. गर्दी निष्ठेची आहे, खरी आहे. पण वर्षातून एकदा ऐकायला येणारा माणूस आणि महिन्यातून एकदा बोलायला बसणारा माणूस यांच्यात फरक आहे, आणि पक्ष दुसऱ्या माणसावर चालतो.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला. पवनचक्की प्रकल्पातल्या खंडणीला त्यांनी केलेला विरोध हे त्यामागचे कारण असल्याचे आरोपपत्रात म्हटले आहे. ते भाजपचे बूथ प्रमुख होते, असे पंकजा मुंडे यांनी सांगितले. या प्रकरणावरून मार्च २०२५ मध्ये धनंजय मुंडे यांना मंत्रिपद सोडावे लागले. १९९४ मध्ये ज्या पक्षाने राज्यभर गुन्हेगारीकरणाविरुद्ध यात्रा काढली, त्याच्या बूथवरचा माणूस गावाच्या हिताची बाजू घेताना मारला गेला. कायद्याचे राज्य हा परंपरानिष्ठ राजकारणाचा पाया असेल, तर वाळू, राख, पवनचक्की आणि ठेके यांभोवतीची जिल्ह्यातली दहशत मोडणे हे पक्षाचे पहिले काम ठरते, मग ती दहशत मित्रपक्षाच्या छायेत वाढलेली का असेना.

पक्षात यावर जे उत्तर दिले जाते ते बहुधा यंत्रणेचे असते: बूथ समित्या, शक्तिकेंद्रे, पन्ना प्रमुख, सदस्य नोंदणी. ही यंत्रणा निवडणुकीच्या दिवशी मोलाची असते. पण तिच्यातून निरोप वरून खाली जातात. खालून वर काही येत नाही. पन्ना प्रमुखाकडे साठ मतदारांची यादी असते. त्यांतले किती जण कोयत्यावर गेले, किती मुले शाळेतून गळाली, कोणाची उचल किती फिरली, हे त्याने लिहून आणावे आणि जिल्हा बैठकीत त्यावर चर्चा व्हावी, अशी अपेक्षा कोणी केलेली नाही. हीच यादी निवडणुकीऐवजी वर्षभर वापरली, तर जिल्ह्याच्या स्थलांतराची अशी नोंद पक्षाकडे तयार होईल जी सरकारकडेही धड नाही.

नवे विचार दूरवर शोधायला नकोत. विषय जिल्ह्यातच पडून आहेत. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी, बाळंतपण, आजार म्हणजे खाडा, ही भीती त्या आकड्यामागे आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी प्रतिटन दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असे त्याचे सूत्र आहे. त्या पैशातून हंगामी वसतिगृहे वर्षभराची निवासी विद्यालये कशी होतील, मजुराची नोंद मुकादमाऐवजी ग्रामपंचायतीत कशी होईल, कोयत्यातल्या बाईची अर्धी मजुरी तिच्याच खात्यात कशी जमा होईल, ही धोरणे जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी लिहून काढावीत अशी आहेत. त्यांतली शेवटची सर्वांत अवघड आहे, कारण ती घरातल्या सत्तेला हात घालते. पण कुटुंब टिकवायचे असेल तर कुटुंबातल्या बाईचे शरीर आणि कमाई सुरक्षित हवी, ही मांडणी परंपरेच्या बाजूने करता येते, आणि ती त्याच बाजूने झाली तर गावात ऐकली जाईल.

ऊसतोडणी यंत्रांची संख्या सरकारी अनुदानाने वाढत आहे. पुढच्या काही हंगामांत कोयत्याची गरज कमी होत जाईल. तेव्हा बालाघाटच्या गावांत परत येणाऱ्या जोड्यांना काम काय, हा प्रश्न कोणाच्याही जाहीरनाम्यात नीट मांडलेला नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला पहिली रेल्वे आली. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची मागणी मुंडे यांच्यासह अनेक पिढ्यांनी केली होती. मंजुरीपासून बीडपर्यंत पोचायला तीन दशके गेली. मार्ग परळीपर्यंत पूर्ण झाल्यावर दूध, डाळी, सीताफळ आणि शेळीपालन यांवर आधारलेला व्यवसाय डोंगरात उभा राहू शकतो, आणि अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्राकडे त्यासाठी लागणारे ज्ञान आहे. उत्पादक कंपन्या आणि बचत गट चालवणाऱ्या बायका जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांपैकी फार थोड्यांना कोणत्याही पक्षाने जिल्हा कार्यकारिणीत घेतले आहे.

२०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर तिथे प्रशासक बसला. मुंडे ज्या पायरीवरून चढले ती पायरीच इतकी वर्षे रिकामी राहिली. या काळात वयाने वाढलेल्या एका कार्यकर्ता-पिढीला निवडून येऊन काम शिकण्याची संधी मिळाली नाही. शाळेची खोली, अंगणवाडी, पाणलोट, वसतिगृह आणि उपकेंद्रातली परिचारिका हे विषय जिल्हा परिषदेच्या समित्यांपुढे येतात. त्या समित्यांवर मुकादमाचा मुलगा बसतो की कोयत्यावरून परत आलेली बाई, हे पक्षाच्या तिकीटवाटपात ठरते. आणि बीडमध्ये ते तिकीट आजवर बहुतेक वेळा आमदाराच्या वाड्यावर ठरत आले आहे.